रुजू झाल्यानंतर

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. क्रमांक ७७३. वयाच्या सहाव्या वर्षी दृष्टी गेलेली, शाळा दादरची कमला मेहता अंधशाळा, पुढे झेवियर्स आणि मग दिल्लीचं जेएनयू. त्यांच्या वाट्याला भारतीय रेल्वे लेखा सेवा आली होती. पण पूर्ण अंध असल्याचं कारण देऊन रेल्वेने नेमणूक नाकारली. पाटील यांनी पुन्हा परीक्षा दिली, २०१७ मध्ये १२४ वा क्रमांक मिळवला आणि केरळ केडरमध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. एर्नाकुलमला सहायक जिल्हाधिकारी म्हणून काम करून २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या.

ही कहाणी आपल्याकडे जिद्दीची म्हणून सांगितली गेली आणि ती जिद्दीची आहेच. मला मात्र त्यातला मधला तुकडा सोडवत नाही. देशातल्या सगळ्यात अवघड परीक्षांपैकी एक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीला हिशेबाचं काम जमेल का, आणि जमण्यासाठी तिला काय लागेल, हे तिला विचारण्याआधीच उत्तर ठरून गेलं होतं. दुसऱ्यांदा परीक्षेला बसण्याची ताकद, वेळ आणि घरचा आधार ज्यांच्यापाशी नसतो, त्यांची गोष्ट तिथेच संपते. ती वर्तमानपत्रात येत नाही.

या लेखासाठी मी मुंबई, पुणे आणि कोल्हापूर इथल्या नोकरी करणाऱ्या दिव्यांग स्त्री-पुरुषांशी बोलले. कुणी सरकारी कचेरीत आहे, कुणी बँकेत, कुणी आयटी कंपनीत. बहुतेकांनी नाव छापू नका असं सांगितलं. कारण एकच, साहेबांना वाटेल तक्रार केली. भरतीतला अन्याय जवळजवळ प्रत्येकाने भोगला होता, पण बोलताना ते त्यावर थांबत नव्हते. सगळ्यांचं बोलणं वळायचं ते रुजू झाल्यानंतरच्या दिवसांकडे. हजेरीपटावर नाव चढलं, पुढे काय?

कायद्याची बाजू आधी थोडक्यात सांगते. १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा सात प्रकारचं अपंगत्व मानत होता आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवत होता. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याला धरून आलेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत, आरक्षण ४ टक्के आहे, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार असलेल्यांना पहिल्यांदाच नोकरीच्या राखीव जागांत वाटा मिळाला. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. माणसाला बरोबरीने काम करता यावं म्हणून आवश्यक ते फेरबदल करून देणं, म्हणजे वाजवी सोय, हे मालकाचं कर्तव्य आहे आणि ती न देणं हाच भेदभाव आहे, असं हा कायदा सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व ठामपणे मांडलं. हाताला पेटके येत असल्यामुळे लिहू न शकणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळायला हवा, त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या मोजमापात बसतं की नाही हा प्रश्न तिथे गैरलागू आहे, असं न्यायालय म्हणालं.

वाजवी सोय ही कल्पना आपल्या कचेऱ्यांना किती नवी आहे हे समजायला जुन्या पिढीच्या नोकऱ्या आठवाव्या लागतील. अंध माणूस म्हणजे टेलिफोन ऑपरेटर किंवा वेताच्या खुर्च्या विणणारा. पायाने अधू म्हणजे नाक्यावरचा एसटीडी-पीसीओ बूथ. त्या बूथने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली, याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण मोबाइल आला आणि बूथ गेले. एक्सचेंज स्वयंचलित झाली आणि ऑपरेटरची पदं गेली, वेताच्या जागी प्लास्टिक आलं. अपंगत्वाला शोभेल असं काम शोधायचं आणि माणसाला तिथे कायमचं बसवायचं, ही पद्धत काम संपताच माणसालाही संपवते. मी ज्या बँक अधिकारी बाईंशी बोलले त्या पूर्ण अंध आहेत आणि कर्ज विभागात काम करतात. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या अंध सहकाऱ्याने त्याच बँकेत तीस वर्षं फक्त फोन जोडले होते.

या बाईंचं टेबल मी जवळून पाहिलं. संगणक इतरांसारखाच, फक्त पडदा बहुतेक वेळ बंद. कानात एका बाजूचा इअरफोन, दुसरा कान ग्राहकासाठी मोकळा. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चालू असतं. ते फुकट मिळतं, आणि ते उभं करणारे मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोघे ऑस्ट्रेलियन तरुण स्वतः अंध. बाई त्याचा वेग इतका वाढवून ऐकतात की मला त्यातला एकही शब्द कळला नाही. माउसला हात नाही, सगळं कीबोर्डवर. अर्जदाराचं उत्पन्न, आधीची कर्जं, हप्त्याचं गणित त्या झरझर तपासत होत्या. मग मुख्यालयाचं एक परिपत्रक उघडलं आणि इअरफोनमधला आवाज थांबला. परिपत्रक स्कॅन केलेलं होतं. सॉफ्टवेअरच्या लेखी ते एक चित्र, त्यात अक्षर नाहीच. बाईंनी शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. "दादा, वेळ झाला की एवढं वाचून दाखवाल?"

दादा भले आहेत, वाचून दाखवतात. पण दादा रजेवर असले, घाईत असले, किंवा परिपत्रक बढतीच्या परीक्षेचं असलं आणि दादाही त्याच परीक्षेला बसणार असले तर? ज्या अधिकाऱ्याने ते परिपत्रक टंकलिखित केलं त्याच्या संगणकात मूळ फाइल होती. त्याने ती छापली, सही केली, शिक्का मारला, स्कॅन केली आणि पाठवली. मूळ फाइल सोबत जोडली असती तर काम भागलं असतं. मराठीचं दुखणं याहून जुनं आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते आणि वाचक-सॉफ्टवेअर तीच मोठ्याने वाचतं. गेल्या पिढीतले दस्तऐवज, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, जुने निर्णय अशा फॉन्टांत अडकून पडलेत. एनव्हीडीए मराठी वाचू शकतं, हे मी कचेरीतल्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा सांगितलं.

मुलाखतीत काय विचारतात, हा प्रश्न मी प्रत्येकाला केला. उत्तरं थक्क करण्याइतकी सारखी होती. हे जन्मापासून की नंतर? घरी कोण आहे? येता कसे? लग्न झालंय का? डब्यात चढता येतं का? तुम्हाला हे काम करायला काय लागेल, असं विचारलं गेल्याचं मोजक्याच लोकांना आठवलं. पोलिओमुळे कुबड्या वापरणाऱ्या एका लेखापालाने सांगितलं, "मॅडम, माझ्या पायांबद्दल ते वीस मिनिटं बोलले. टॅलीबद्दल दोन." चौकशी करणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे तोही मान्य करतो. पण ही आस्था माणसाला उमेदवाराच्या खुर्चीतून उठवून रुग्णाच्या खुर्चीत बसवते, आणि तिथून पगाराची बोलणी करता येत नाहीत.

बहिऱ्या माणसांचं रुजू होणं आणखी वेगळं. त्यांची अडचण दिसत नाही, म्हणून ती आहे हेच विसरलं जातं. मुंबईत २००९ साली ध्रुव लाकरा यांनी मिरॅकल कुरिअर्स सुरू केलं आणि कर्णबधिर तरुणांना पत्रं पोचवण्याच्या कामावर घेतलं. कुरिअरच्या कामात पत्ता वाचायचा, रस्ता शोधायचा, सही घ्यायची; बोलणं फारसं लागत नाही. मुली कार्यालयात बसून पाकिटांची नोंद आणि माग ठेवत. बहिऱ्यांना लोकलचा आणि गल्ल्यांचा नकाशा डोळ्यांनी टिपायची सवय असते, ती इथे कौशल्य ठरली. कामाची मांडणी माणसाकडे बघून केली तर काय होतं, हे त्या धंद्याने दाखवलं.

पण बहिऱ्याने आयुष्यभर कुरिअरच का करावं? पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा अभियंता जन्मापासून बहिरा आहे. कोड लिहिण्यात त्याला काहीच अडचण नाही. अडचण मीटिंगची. आठ माणसं एकाच वेळी बोलतात, कुणी पाठ करून फळ्यावर लिहीत बोलतं, कुणी तोंडावर हात ठेवून. संगणक बोलणं ऐकून अक्षरं उमटवतो, पण मराठी-हिंदी-इंग्रजी एकाच वाक्यात आली की त्या अक्षरांचा पार गोंधळ उडतो. सांकेतिक भाषेचे दुभाषे देशातच फार कमी, रोजच्या मीटिंगला कुठून आणणार? मग शेजारचा म्हणतो, नंतर सांगतो. नंतर तो एका ओळीत सांगतो. तासाभराच्या चर्चेतून निर्णय तेवढा हाती येतो, तो का झाला हे कळत नाही. कारण कळलं नाही तर पुढच्या वेळी मत कसं देणार? चहाच्या टपरीवर सगळे हसतात तेव्हा तोही हसतो. त्याने लिहून दाखवलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. त्याच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. इतरांच्या कामाची सगळ्यांसमोर चिरफाड होते, याच्या कामावर 'छान' असा शेरा येतो. त्यामुळे तीन वर्षांत आपण कुठे कमी पडतो हेच त्याला कळलेलं नाही, आणि बढतीच्या वेळी मात्र अनुभव कमी आहे असं ऐकावं लागलं.

नोकरीत असतानाच अपंगत्व आलं तर? हा प्रश्न कुठल्याही वाचकापासून फार लांब नाही. एक अपघात, एक पक्षाघात, मधुमेहाने डोळ्यांवर केलेला घाव. कुणाल सिंग हा सुरक्षा दलातला शिपाई. कामावर असताना पायाला दुखापत झाली, पाय कापावा लागला, आणि खात्याने त्याला अपात्र ठरवून घरी पाठवलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा कर्मचाऱ्याला काढता येणार नाही; त्याच पगारावर दुसरं काम द्या, ते नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून ठेवा. २०१६ च्या कायद्यानेही सरकारी आस्थापनांसाठी हे बंधन कायम ठेवलं. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या चालकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावंच लागलं. रंगांधळेपणा आढळल्यावर महामंडळाने त्याला काढलं होतं, आणि दुसरं काम शोधण्याचा खरा प्रयत्न केलाच नव्हता. न्यायालयाने त्याला योग्य पदावर घ्यायला सांगितलं. आपल्या एसटीच्या डेपोत कुणाही जुन्या चालकाशी बोला, 'अनफिट' या शिक्क्याची धास्ती आणि 'लाइट ड्युटी'साठीच्या खेपा त्याच्या तोंडून ऐकायला मिळतील.

मुरलीकांत पेटकर यांचं पदक आता सगळ्यांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाला आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण घेऊन आला. पण पेटकरांनी पुढे टेल्कोत वर्षानुवर्षं नोकरी केली, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. मला ते पदकाइतकंच मोलाचं वाटतं. काम करून उभं राहण्याची ही वाट महाराष्ट्राला अनोळखी नाही. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर, आनंदवनात, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांनी शेती उभी केली, हातमाग चालवले, इमारती बांधल्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाच्या लेखिका, ऐन तरुणपणी कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी स्वतः केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. संस्थेचं कोल्हापूरचं वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गातला काजू प्रकल्प हे सगळं चाकाच्या खुर्चीच्या उंचीने आणि वळणाने आखलेलं आहे. आनंदवन काय किंवा हे काय, वेगळी वस्ती उभारावी लागली कारण गावाने दार लावून घेतलं होतं. आता प्रश्न गावातल्या कचेरीचा आहे.

कचेरीपर्यंत पोचण्याचाही. मुंबईच्या लोकलमध्ये ज्याला सगळे 'हँडिकॅपचा डबा' म्हणतात, तिथे गर्दीच्या वेळी धडधाकट माणसं लटकलेली असतात. फलाट आणि डबा यांच्यातली फट आणि उंचीतला फरक हा कुबड्यांवरच्या माणसासाठी रोजचा जीवघेणा हिशेब आहे. इमारतीपाशी रॅम्प असतो, पण कसला? नियम सोपा आहे, एक फूट चढायचं तर बारा फूट उतार हवा. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. मी पाहिलेल्या एका सरकारी इमारतीत तेवढ्याच जोत्याला पाच-सहा फुटांची घसरगुंडी बांधली होती, आणि तिच्या तोंडाशी साहेबांची गाडी उभी. सार्वजनिक ठिकाणं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून राजीव रतुरी या अंध कार्यकर्त्याने २००५ मध्ये याचिका दाखल केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला की सुगम्यतेचे नियम शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, पाळलेच पाहिजेत असे किमान निकष सरकारने तीन महिन्यांत ठरवावेत. याचिकेपासून निकालापर्यंत एकोणीस वर्षं गेली. तेवढ्या काळात एक मूल शाळेत जाऊन पदवीधर होतं.

बायकांचं यात दुप्पट मरण. चाकाच्या खुर्चीवरची एक कारकून सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण तिच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग हा तिच्या नोकरीचा भाग झाला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यात महाराष्ट्रातले २९ लाखांहून जास्त. काम करणाऱ्यांचं प्रमाण एकूण ३६ टक्के. पुरुषांत ४७, स्त्रियांत २३. हे दाराच्या रुंदीचे, रस्त्याच्या भीतीचे आणि 'तिला कशाला दगदग' म्हणणाऱ्या घराचे आकडे आहेत.

न दिसणाऱ्या आजाराबद्दल कचेरीत बोलणं आजही सगळ्यात अवघड आहे. नैराश्याची गोळी ड्रॉवरमध्ये लपवून ठेवणारे लोक मला भेटले. मधुमेहाची गोळी कुणी लपवत नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी रवींद्र कुमार धारीवाल यांच्यावर, मानसिक आजार असताना, वर्तनाबद्दल खात्याची चौकशी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई भेदभावाची ठरवली. वर्तनामागे आजाराचा वाटा असेल तर तो आधी लक्षात घ्या, हा त्या निकालाचा अर्थ. पण त्यासाठी आजार सांगता आला पाहिजे, आणि सांगितला की बढती, बदली, जबाबदारी सगळीकडे माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

त्यात २०२४ नंतर संशयाची भर पडली. एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं, राज्यात जिल्हा परिषदांतल्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी सुरू झाली. खोटं प्रमाणपत्र घेणारा एका दिव्यांगाची जागा चोरतो, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याचा भुर्दंड खऱ्यांनी भरायचा का? एका डोळ्याने अगदी कमी दिसणाऱ्या आणि दुसऱ्याने अजिबात न दिसणाऱ्या शिक्षकाला सहकारी आता थट्टेत विचारतात, 'खरंच ना सर?' स्टाफरूममध्ये पेपर तपासताना वही डोळ्यांजवळ धरायची लाज वाटते, असं ते म्हणाले, आणि लगेच पुढची वही तपासायला घेतली.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. पण वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक खासगी आस्थापनेने समान संधी धोरण लेखी करायचं, त्यात सोयी, दिव्यांगांसाठीची पदं, निवड, प्रशिक्षण, रजा, साधनं यांचा तपशील द्यायचा, संपर्क अधिकारी नेमायचा, ते धोरण लोकांना दिसेल असं लावायचं आणि आयुक्तांकडे नोंदवायचं, हे बंधन आहे. महाराष्ट्रासाठी ते आयुक्तालय पुण्यात आहे. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, नंतर ५ लाखांपर्यंत. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या कंपनीचं असं धोरण कधी पाहिलेलं नव्हतं. विविधतेवरची व्याख्यानं मात्र ऐकली होती, ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनी पुष्पगुच्छही घेतले होते.

पुण्याच्या त्या बहिऱ्या अभियंत्याच्या कंपनीत हे धोरण होतं. ते वाचून त्याने संपर्क अधिकारी बाईंना पत्र लिहिलं. तिघांचं बोलणं झालं, म्हणजे तो, त्या बाई आणि त्याचा टीमलीड. मीटिंगचे विषय आदल्या संध्याकाळी लेखी येऊ लागले. एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा. चर्चा चालू असतानाच एक जण आळीपाळीने मुद्दे सगळ्यांच्या पडद्यावर टंकतो, कारणांसकट. याला खर्च शून्य. सुरुवातीला लोक वैतागले, मग मीटिंगा आटोपशीर झाल्या म्हणून खूशही झाले. त्यानंतर त्याने एका नव्या कामाचा आराखडा आणि लागणाऱ्या दिवसांचा अंदाज लेखी मांडला. टीमलीडने सगळ्यांसमोर टंकून विचारलं, चाचणीचे दिवस कुठे आहेत? दुसऱ्या एकीने डेटाबेसच्या भागात चूक काढली. अंदाज परत आला, लाल खुणांसकट. मी भेटले तेव्हा तो तोच दुरुस्त करत बसला होता, आणि डेटाबेसच्या मुद्द्यावर आपलंच बरोबर आहे असं त्याचं ठाम मत होतं.